आडनावांची कुळकथा : म्हात्रे

आमच्या वाचकवर्गातील पुष्कळ घराण्यांची आडनावे ‘कर’ प्रत्ययान्त आहेत, आणि आपले मूळ शोधावयाचे तर त्यांस नकाशा पुरतो. परंतु हा ‘कर’ गाव सोडून गेलेल्यासच चिकटतो, हे ध्यानी घ्यावे. दिव्यास राहणारे सारेच दिव्याचे. तेथे एकास दुसऱ्यापासून ओळखण्यास ‘दिवेकर’ म्हणून काय उपयोग? जागेवर टिकून राहिलेल्या कुळांस नावे पडली ती कामावरून व मानावरून. ठाणे व डोंबिवली यांमधील या खाडीकाठच्या टापूत, जेथून 1854 साली कल्याणापर्यंतची आगगाडी धावू लागली, तेथे पाटील, भोईर, म्हात्रे ही आडनावे दारोदार आढळतात. त्यांपैकी ‘म्हात्रे’ या आडनावाचा विचार आज करावयाचा आहे.

ऐकणारास त्यात ‘म्हातारा’ ऐकू येतो, आणि कित्येक सुशिक्षित घरांतून त्यावरून थट्टाही होते. कान खोटे सांगत नाहीत. दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत. मात्र त्यांचा बाप वृद्धत्व नव्हे, मोठेपणा होय. संस्कृतात ‘महत्तर’ म्हणजे अधिक मोठा. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत, दान दिल्याची वर्दी ज्यांस द्यावयाची त्या अधिकाऱ्यांच्या मालिकेत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट यांच्या मागोमाग हा महत्तर उभा आहे. (तेथील राष्ट्रपती म्हणजे एका प्रांताचा अधिकारी, आजचा अर्थ मनात आणू नये.) महत्तर म्हणजे गावातील वजनदार गृहस्थ, ज्याच्या साक्षीवाचून जमीन इकडची तिकडे होत नसे. बोलीत त्याचा ‘म्हातारा’ झाला, उत्तर कोकणात तो गावकीतील एक अधिकारी म्हणून राहिला, आणि ‘पेशवा’चे जसे ‘पेशवे’ तसे आदरार्थी बहुवचनाने ‘म्हात्रे’ झाले. बिहारातील ‘महतो’ही याच कुळीचा मानतात. शेजारच्या ‘पाटील’ या शब्दाची कथा अशीच; परमारांच्या दानपत्रांत तो ‘पट्टकिल’ या रूपाने भेटतो.

आडनाव हुद्द्याचे असल्यामुळे ते एका जातीचे नाही. आगरी समाजात ते विपुल आहे खरे; पण इतर ज्ञातींतही आहे. ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडविणारे शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांचे नाव वाचकांस ठाऊक असेलच. ज्या गावी ज्या ज्ञातीचे प्राबल्य, त्या गावचा महत्तर बहुधा त्याच ज्ञातीचा, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजांतही हाच प्रकार घडला आहे. जुन्या इंग्रजीत ‘एआल्डर्मन’ म्हणजे शब्दशः वडील माणूस; तो परगण्याचा मुख्य असे. अकराव्या शतकात डेन्मार्कच्या राजांचा अंमल बसला तेव्हा त्याची जागा ‘अर्ल’ने घेतली, आणि बिचारा आल्डरमन उतरत उतरत नगरपालिकेच्या बाकावर येऊन बसला. ‘आल्डरमन’ हे आडनाव त्या लोकांत आजही आहे. ‘रीव्ह’ हेही तसेच, गावकारभाऱ्याचे. स्कॉटलंडातील राजवाड्याचा कारभार वंशपरंपरेने पाहणारे स्टुअर्ड तर पुढे 1371 साली सिंहासनावरच बसले व स्टुअर्ट घराणे म्हणून गाजले. 1726 च्या सनदेने मुंबईत मेयरचे न्यायालय स्थापन झाले, त्यात नऊ आल्डरमन नेमले गेले. म्हणजे इंग्रजांचा ‘वडील’ आणि खाडीपलीकडचा आमचा ‘म्हातारा’ काही काळ एकमेकांपासून दहाबारा कोसांवर नांदत होते. एकमेकांची ओळख त्यांस पटली असेल असे वाटत नाही.

फरक पडला तो पुढे. आल्डरमन शब्दातील म्हातारपण इंग्रज विसरला, मान तेवढा राहिला. आपल्याकडे उलटे झाले: मान विसरला गेला, म्हातारपण राहिले. घरातील वडील माणसास ‘म्हातारा’ म्हणणे आज उणे वाटते, हा त्या शब्दाचा ऱ्हास आहे. आणि तो आमच्या मते केवळ शब्दाचा नव्हे.

हुद्दा गेला, मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पदही 1962 च्या कायद्याने रद्द झाले. नाव मात्र शाळेच्या पटावर व सातबाऱ्यावर टिकून आहे. दिव्यालगत म्हातार्डी नावाचे गाव आहे. त्यातही हाच महत्तर दडला असावा, हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे ठाणे स्थानक तेथेच योजले आहे. अशा कामांच्या निमित्ताने घराघरांतून जमिनीचे जुने कागद बाहेर निघतात आणि मोबदल्याचा हिशेब झाला की ते रद्दीच्या वाटेस लागतात. त्या टापूतील कोणा वाचकाच्या अथवा त्याच्या शेजाऱ्याच्या घरी मोडी लिपीतील असे कागद असतील, तर ‘म्हातारा’ हा शब्द नावापुढे आला आहे की हुद्दा म्हणून, एवढे पाहून आम्हांस अवश्य कळवावे. आणि उत्तर काहीही येवो, मूळ कागद मात्र जपून ठेवावा.