ऑफसेटचे माप कोण घेणार?



लढाऊ विमानांच्या खरेदीचा विषय रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पत्रिकेत कशासाठी, असे काही जण विचारतील. उत्तर सरळ आहे. विमानाचे पैसे जनतेच्या खिशातून जातात. आणि ही खरेदी जनतेच्या गळी उतरवताना नेहमी सांगितले जाते की, यातून देशात कारखाने उभे राहतील, परदेशी तंत्रज्ञान येईल, पोरांना रोजगार मिळेल. रोजगाराच्या नावावर व्यवहार होत असेल तर त्याचा हिशेब कामगार संघटनेने मागायचा नाही, तर कोणी मागायचा?

या आश्वासनाला सरकारी भाषेत 'ऑफसेट' म्हणतात. अर्थ असा की, परदेशी कंपनीने आपल्याला माल विकला की त्या किमतीच्या ठरावीक हिश्श्याइतके काम, खरेदी किंवा गुंतवणूक तिने आपल्या देशात करायची. आपल्याकडे ही अट २००५ साली आली. ३०० कोटी रुपयांवरच्या संरक्षण खरेदीत निदान ३० टक्के ऑफसेट, असा नियम झाला. २०१६ मध्ये ही मर्यादा २००० कोटींवर नेली. त्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१६ रोजी, ३६ राफेल विमानांचा सुमारे ७.८७ अब्ज युरोचा करार झाला. त्यात ऑफसेट ५० टक्के ठेवला होता. अर्धे पैसे देशातच परत येणार, असा ढोल तेव्हा वाजवला गेला.

आता हिशेबाला बसू. पहिली गोष्ट, ऑफसेट फुकट नसतो. कंपनीला ज्या अटीसाठी खर्च करावा लागतो तो खर्च ती विमानाच्या किमतीत घालते. दुकानदार पिशवी 'मोफत' देतो तेव्हा पिशवीचे पैसे मालातच धरलेले असतात, हे बाजारात जाणाऱ्या कोणालाही कळते. आणि हे केवळ आमचे म्हणणे नाही. २०२० साली नवी संरक्षण खरेदी पद्धत जाहीर झाली तेव्हा सरकार-ते-सरकार आणि एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या खरेदीतून ऑफसेटची अट काढून टाकली. त्याचे कारण देताना संरक्षण खात्यानेच सांगितले की, कंपन्या ऑफसेटचा बोजा किमतीवर चढवतात. मग पंधरा वर्षे हा बोजा कोणी वाहिला? तुम्ही, आम्ही, या देशाच्या करदात्याने.

दुसरी गोष्ट, पैसे मोजून विकत घेतलेले ते आश्वासन तरी पदरात पडले काय? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. २००५ ते मार्च २०१८ या काळात ऑफसेटचे ४६ करार झाले, एकूण ६६,४२७ कोटी रुपयांचे. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींचे काम व्हायला हवे होते. कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा. आणि संरक्षण खात्याने मान्य केले ५,४५७ कोटींचे. म्हणजे त्या तारखेपर्यंत शंभर रुपयांचे काम येणे होते, त्यातले अठ्ठावीस रुपयांचेच मापात बसले. परदेशी विक्रेत्याने भारतीय उद्योगाला उच्च तंत्रज्ञान दिल्याचे एकही उदाहरण तपासणीत आढळले नाही, असेही कॅगने लिहिले आहे.

आपल्या रेल्वेत ठेकेदाराने रुळाखाली खडी टाकली की तिचे माप घेतले जाते, माप-पुस्तकात नोंद होते, त्यावर सही होते, मग बिल निघते. टपाल खात्यात सहीची पोचपावती परत आल्याशिवाय पत्र पोचले असे कोणी मानत नाही. हजार रुपयांच्या खडीला माप आहे, एका पाकिटाला पोचपावती आहे, आणि हजारो कोटींच्या वायद्याला मात्र 'बघू, होईल' एवढ्यावर सोडायचे?

राफेलचेच पाहा. कॅगच्या म्हणण्याप्रमाणे विमान बनवणाऱ्या दासो कंपनीच्या ऑफसेटचा ५८ टक्के आणि क्षेपणास्त्रे देणाऱ्या एमबीडीएचा ५७ टक्के भाग सातव्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, पुरा करायचा होता. छत्तिसावे विमान डिसेंबर २०२२ मध्ये भारतात उतरले. म्हणजे माल पोचवून झाल्यावर वायद्याचा मोठा भाग सुरू होणार. अशा वेळी घेणाऱ्याच्या हातात दाबायला काय उरते? वर्षाला थकलेल्या भागाच्या ५ टक्के दंड! कंपनीचा मुनीम बसून हिशेब करतो, काम करण्यापेक्षा दंड स्वस्त पडतो का. याच व्यवहारात विक्रेत्यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये ऑफसेटचा ३० टक्के भाग डीआरडीओला उच्च तंत्रज्ञान देऊन फेडू असे सुचवले होते. डीआरडीओला देशी कावेरी इंजिनासाठी मदत हवी होती. अहवाल लिहीपर्यंत विक्रेत्याने त्याला होकार दिलेला नव्हता. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

यावर कडी म्हणजे गुणकाची युक्ती. २०१२ च्या नियमांपासून लहान उद्योगाला काम दिले तर एका रुपयाचा दीड रुपया धरायचा, डीआरडीओला काही तंत्रज्ञान दिले तर एकाचे तीनपर्यंत धरायचे, अशी सोय झाली. हेतू चांगला असेल, पण कागदावरचे तीन रुपये आणि कामगाराच्या हातात पडणारा एक रुपया यांत फरक आहे.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९९ साली स्वीडनची ग्रिपेन लढाऊ विमाने आणि ब्रिटनची हॉक प्रशिक्षण विमाने घेतली. त्या वेळच्या शस्त्र खरेदीच्या एकूण पॅकेजमधून ६५ हजार नोकऱ्या मिळतील, असे तिथल्या जनतेला सांगितले गेले. प्रशिक्षण विमानात इटलीचे विमान स्वस्त होते, म्हणून निवडीतून किमतीचा निकषच बाजूला ठेवून हॉक घेतले. नंतर ऑफसेटचे श्रेय कशाकशाला मिळाले, तर पोर्ट एलिझाबेथच्या एका जलतरण तलावाच्या नूतनीकरणालाही! विमान विकले, तलाव रंगवला, हिशेब मिटला. नोकऱ्यांची वाट पाहणारे पाहतच राहिले. नोकऱ्यांच्या आशेने किमतीकडे डोळेझाक केली की पैसाही जातो आणि नोकरीही मिळत नाही, हा त्यातला धडा आहे.

मग तंत्रज्ञान परदेशातून आणायचेच नाही काय? मुळीच नाही. रेल्वे कामगाराइतके हे कोणाला ठाऊक आहे? अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून तंत्रज्ञान घेतले, वाराणसीला कारखाना काढला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. १९९३ मध्ये एबीबी कंपनीशी करार करून ३३ विद्युत इंजिने घेतली, त्यातली काही सुट्या भागांत, आणि ती बनवण्याचे तंत्र करारातच लिहून घेतले. नोव्हेंबर १९९८ मध्ये चित्तरंजनच्या कामगारांनी त्यातले सहा हजार अश्वशक्तीचे मालगाडीचे इंजिन स्वतः बनवून दिले. सगळे भाग लगेच देशी झाले नाहीत, तरी विद्या आली आणि टिकली. कारण तिथे तंत्रज्ञान ही कराराची मुख्य वस्तू होती, त्याची किंमत उघडपणे मोजली होती, ते शिकायला सरकारी कारखाना ठरलेला होता आणि शिकणारे कामगार कायम नोकरीत होते. ऑफसेटमध्ये यातले काय असते? कोणाला काम द्यायचे ते कंपनी ठरवते, काय शिकवायचे तेही तीच ठरवते.

विमानाचे मर्म इंजिनात असते. ओझरच्या कामगारांनी मिग-२१ बांधली, सुखोई बांधली, आता तेजस बांधत आहेत. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेले पहिले तेजस उडाले. पण त्याचे इंजिन अमेरिकेहून येते. ते वेळेवर आले नाही हे एक मोठे कारण, की मार्च २०२४ पासून मिळायची तेजस मार्क-१ए विमाने हवाई दलाला त्या मुदतीत मिळाली नाहीत. वीस वर्षे ऑफसेटचे करार करून आपण इंजिनासाठी दुसऱ्याच्या दारातच उभे असू, तर ऑफसेटने मिळवले काय?

कोणी म्हणेल, देशाच्या संरक्षणात हिशेब काय मागता? आमचे म्हणणे उलट आहे. वैमानिक आपल्याच शेतकरी-कामगारांची मुले असतात. त्यांना चांगले विमान मिळाले पाहिजे, त्याचे सुटे भाग तीस-चाळीस वर्षे मिळत राहिले पाहिजेत. खरेदीची किंमत ही सुरुवात आहे. इंधन, दुरुस्ती, इंजिनाची ओव्हरहॉलिंग हा खर्च पुढे वर्षानुवर्षे चालतो. शेडमध्ये काम केलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. ऑफसेटच्या भुलीने महाग विमान घेतले की विमाने कमी येतात आणि भागांसाठी पैसा अपुरा पडतो. हिशेब मागणे हीच देशसेवा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेलचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार झाला. पुढेही खरेदी होणार आहे. म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. विमानाची निवड किंमत, आयुष्यभराचा खर्च आणि हवाई दलाची गरज यांवर व्हावी. रोजगाराचे आश्वासन निवडीच्या मापात धरू नये.

२. तंत्रज्ञान हवे असेल तर ते मुख्य करारात, वेगळी किंमत लावून, सरकारी कारखान्याच्या नावाने लिहून घ्यावे.

३. ज्या करारांत ऑफसेट आहे तिथे विमानांच्या प्रत्येक टप्प्याबरोबर ऑफसेटचा टप्पा पुरा व्हावा. तो न झाल्यास त्या टप्प्याचे पैसे रोखावेत.

४. जुन्या सर्व ऑफसेट करारांत किती दिले, किती मान्य झाले, कोणत्या कारखान्यात किती कामगार लागले, याचा तक्ता दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. गुणक लावलेला आकडा वेगळा आणि खरा खर्च वेगळा दाखवावा.

प्रत्येक शाखेने आपल्या सभेत हे ठराव करून आपल्या भागातील खासदारांना पाठवावेत, आणि पाठवलेल्या पत्राची पोच घ्यायला विसरू नये.