रात्रीची लाईट आणि तारांचा ताळमेळ



निफाड तालुक्यात शेतीची लाईट पाळीने येते. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करून पाणी भरायला शिवारात कोण जातो? मालक क्वचित. बहुतेक वेळा सालगडी, म्हणजे आपल्याच वस्तीतला कुणाचा तरी बाप, कुणाचा भाऊ. गोदाकाठचा ऊस हे बिबट्याचे घर. बिबट्या आला की पेपरात फोटो छापून येतो, पण माणूस त्या वेळी उसात का होता, हे कोणी विचारत नाही.

लाईट रात्रीच का? दिवसा शहरे आणि कारखाने वीज ओढतात, म्हणून शेतीचा भार रात्रीकडे ढकलला जातो. वीज धान्यासारखी मोठ्या प्रमाणावर कोठारात भरून ठेवणे अजून महाग आहे. जितकी खर्च होते, तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मी कॉमर्सवाला माणूस. आमचा रोजमेळ संध्याकाळी जुळला तरी चालतो. तारांचा मेळ क्षणाक्षणाला जुळावा लागतो. वीज सेकंदाला ५० वेळा लाटेसारखी हेलकावते. खर्च वाढला आणि निर्मिती कमी पडली, की हा ५० चा आकडा घसरू लागतो. फार घसरला तर केंद्रे एकामागून एक बंद पडतात.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला हेच झाले. आधी उत्तर भारत, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही भाग अंधारात गेले. ६० कोटींवर लोकांना झळ पोचली. आपला पश्चिम विभाग वेगळा झाला, म्हणून महाराष्ट्राचे दिवे राहिले. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर तार जोडली गेली आणि दक्षिणही या जाळ्यात आली. आता साऱ्या देशाचा ठोका एकच.

एवढ्या जाळ्यावर नजर ठेवायची कशी? इथे अरुण फडके या विद्युत अभियंत्याचे संशोधन येते. आग्रा विद्यापीठाची बी.एस्सी., १९५९ ला खरगपूरच्या आय.आय.टी.ची पदवी, मग अमेरिकेत १९६४ ला डॉक्टरेट. तिथल्या वीज कंपनीत असताना तारेवरचा बिघाड संगणकाने झटपट ओळखायचे काम त्यांच्याकडे होते. त्या काळचे संगणक मंद. म्हणून त्यांनी कमी गणितात उत्तर देणारी रीत शोधली आणि त्यातूनच पुढचे यंत्र निघाले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८८ साली ते तयार झाले. त्याला पी.एम.यू. म्हणतात.

त्याचे मर्म कारकुनाला लगेच कळेल. दोन शाखांच्या वह्या वेगवेगळ्या तारखांना बंद केल्या तर फरक कुठे आहे ते सापडत नाही. तसेच विजेचे. सोलापूरची लाट रायचूरच्या लाटेपेक्षा किती पुढे वा मागे आहे, यावरून मधल्या तारेवरचा ताण समजतो. पण दोन्हीकडची मोजणी अगदी एकाच क्षणाची हवी. फडक्यांनी उपग्रहाच्या घड्याळाची वेळ प्रत्येक मोजणीवर छापली. झाले! शेकडो मैलांवरच्या वह्या जुळल्या. २००३ साली अमेरिका-कॅनडात मोठा अंधार झाला, तेव्हा कुठे सगळ्यांना या यंत्राची किंमत कळली. २००८ साली फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांना फ्रँकलिन पदक मिळाले. आपल्याकडेही २०१२ नंतर पॉवर ग्रिडने ही यंत्रे देशभर बसवायला घेतली.

याचा आपल्या सालगड्याशी संबंध आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरला दिवसा सौर वीज द्यायचे काम सुरू झाले. सौर पाटीतून एकाच दिशेने वाहणारी वीज निघते. इन्व्हर्टरमधले सेमीकंडक्टरचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तिची लाट बनवतात. याच शास्त्राला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात. पण कोळशाच्या केंद्रातले अवजड चाक अचानक भार आला तरी आपल्या वजनाने फिरत राहते आणि क्षणभर सांभाळून घेते. इन्व्हर्टरला तसे चाक नाही. ढग आला की वीज कमी. म्हणून सौर वीज जितकी वाढेल, तितकी मोजणी चोख लागेल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. वीज त्यांच्याच खात्यात येई. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात स्थापन झाले. मजुरांचे खाते सांभाळणाऱ्यानेच विजेचे धोरण आखावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता एक व्यवहाराची गोष्ट. सौर प्रकल्पांना सरकारी जमिनीबरोबर गायरानेही दिली जातात, आणि गायरान कसणारे बहुधा आपलेच भूमिहीन. दिवसाची लाईट आपल्याला हवीच आहे. तरी ग्रामसभेपुढे जागेचा ठराव येईल तेव्हा बायामाणसांसह हजर राहा. कोणता गट नंबर, त्यावर कोणाची वहिवाट, हे ठराव वाचला जाताना विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.