नवदांपत्याचा आहेर कोणाला?

राहते घर विकून झालेल्या नफ्यापैकी किती रक्कम करमुक्त असावी, याची मर्यादाच काढून टाकणारे विधेयक 2025च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मांडले गेले. त्याचा विचार करताना मूळ कायदा नवविवाहितांना काय देतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

1997च्या कायद्याने एकट्या व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंतचा आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या पतिपत्नींना पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त केला. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे घराची मालकी आणि त्यात वास्तव्य हवे, ही अट. विवाहापूर्वी दोघांची स्वतंत्र घरे असतील, तर प्रत्येकाला आपापल्या घरापुरती अडीच लाखांची सवलत मिळते. घर एकाचेच असेल, तर पाच लाखांसाठी मालकी एकाची चालते. वास्तव्य मात्र दोघांचेही दोन वर्षांचे लागते. केवळ लग्नगाठ बांधल्याने सवलत दुप्पट होत नाही. कागदावरील मालकीपेक्षा प्रत्यक्ष राहण्याला महत्त्व देणारी ही दृष्टी आम्हांस योग्य वाटते. दोन बिऱ्हाडांचे एक करणाऱ्यांवर कराचा बोजा पडू नये, हे न्याय्यच आहे. महागाईच्या मानाने मर्यादा वाढविण्यासही आमचा विरोध नाही.

परंतु मर्यादाच उठविणे ही गोष्ट सर्वस्वी निराळी. भिंती जुन्या होतात, तरी घराची किंमत वाढते. कारण खालची जमीन महागते. ती महागते रस्त्यांमुळे, शाळांमुळे, कारखान्यांमुळे, म्हणजेच साऱ्या शहराच्या श्रमांमुळे. हेन्री जॉर्ज यांनी 1879 मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात हाच विचार मांडला होता. या अनुपार्जित उत्पन्नाला संपूर्ण माफी आणि परिचारिकेच्या पगारातून मात्र दर खेपेस करकपात, हा कोणता न्याय?

आपणही हसण्याचे कारण नाही. जुने घर विकून नवे घेणाऱ्यास आपल्या आयकर कायद्यात जी सवलत मिळते, तिला 2023च्या अर्थसंकल्पापर्यंत कमाल मर्यादाच नव्हती. त्या वर्षी ती घातली गेली, तीही 10 कोटी रुपयांची!

भाड्याच्या खोलीत संसार थाटणाऱ्या जोडप्याला घरांच्या वाढत्या किमतींचा चटका तेवढा बसतो. ज्यांच्याजवळ विकायला घरच नाही, त्या नवदांपत्याच्या पदरात या आहेरातून काय पडणार, याचे उत्तर विधेयकाच्या पुरस्कर्त्यांनी प्रथम द्यावे.