गाडी घ्या, पण हिशेब लावून : सेकंड हँड गाडी, हप्ता आणि आपला स्वाभिमान

आपल्या समाजातल्या कुणी चारचाकी घेतली की दोन बाजूंनी बोलणी येतात. बाहेरचे म्हणतात, 'आता यांनाही गाड्या लागायला लागल्या.' आपल्यातले म्हणतात, 'घ्यायचीच तर नवी घ्यायची, दुसऱ्याची वापरलेली कशाला?' पहिल्या बोलण्यात जात आहे हे कुणीही ओळखेल. दुसऱ्या बोलण्यातही जातच आहे, फक्त ती आपल्या आत शिरून बसली आहे. लोकांनी आपल्याला कमी लेखू नये म्हणून ऐपतीबाहेरचा खर्च करायचा, ही त्या जुन्या अपमानाचीच भीती आहे. सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात काम करताना ही भीती घराघरांत हप्त्याच्या रूपाने दिसते. म्हणून या लेखात थोडे रोखठोक बोलायचे आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. कमी बजेटमध्ये कुटुंबासाठी वापरलेली, हाताने गिअर टाकायची छोटी गाडी घेणे यात कमीपणा काहीच नाही. उलट नीट पारखून घेतली तर तोच शहाणपणाचा निर्णय आहे. पण निवड करताना आधी सुरक्षितता, मग खिसा आणि सगळ्यात शेवटी मान, हा क्रम मोडता कामा नये.

चाळीसगावचा टांगा विसरू नका

हा क्रम आमचा नाही, बाबासाहेबांचा आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी वाहनांचे दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. १९०१ मध्ये लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, असे ठरले. पैसे दुप्पट दिले, तरी गाडीवान शेजारी बसायला तयार नव्हता.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. बाबासाहेबांना महारवाड्यात न्यायचे होते. टांगेवाल्यांनी नकार दिला. एकाने टांगा दिला, पण हाकायला येणार नाही म्हणाला. पाहुण्याला पायी नेणे वस्तीला कमीपणाचे वाटले, म्हणून टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच एका माणसाच्या हाती लगाम दिला. पुलावर चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. या प्रसंगात त्यांनी अस्पृश्यतेवर बोट ठेवलेच, पण आपल्या लोकांनाही सोडले नाही. पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा असतो, हे लोक विसरले, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय आहे.

आज टांग्याच्या जागी चारचाकी आली आहे, पण चूक तीच होऊ शकते. मानासाठी मोठी गाडी घ्यायची आणि टायर गुळगुळीत होईपर्यंत ढकलायची. मानासाठी सनरूफ बघायचा आणि एअरबॅग किती आहेत हे विचारायचेच नाही. हा चाळीसगावचाच टांगा आहे.

गाडी चैन आहे का?

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात की गाडी आली की माणूस मोर्चाला येत नाही. त्यांची काळजी आम्हाला कळते, पण निष्कर्ष पटत नाही. सोनिवलीत राहणाऱ्याला लोकलपर्यंत पोचायलाच आधी रिक्षा लागते. रात्री दीड वाजता बाळंतीण बाईला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात न्यायचे असेल, डायलिसिसच्या आईला आठवड्यातून दोनदा कल्याणला न्यायचे असेल, पोरीची परीक्षा सकाळी सात वाजता लांबच्या केंद्रावर असेल, तेव्हा गाडी ही चैन राहत नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्या गाडी आहे त्यांनी आम्हाला साधेपणा शिकवू नये.

पण रोज कामावर मुंबईला लोकलने जाणाऱ्याची गाडी आठवड्यातले सहा दिवस सोसायटीखाली उभी राहणार असेल, तर तिच्यासाठी दरमहा नऊ हजारांचा हप्ता भरणे यात शहाणपण काय? थोर्स्टीन व्हेब्लेन या समाजशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगावर लिहिले. वरचा वर्ग दाखवण्यासाठी खर्च करतो आणि खालचा वर्ग त्याची नक्कल करता करता कर्जात जातो. आपण ती नक्कल करायची नाही.

हप्त्याचे गणित

उदाहरण घेऊ. नव्या गाडीसाठी साडेपाच लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षे. हप्ता साधारण ९,००० रुपये आणि एकूण व्याज दोन लाखांच्या वर. सेकंड हँड गाडीसाठी दोन लाख साठवलेले आणि एक लाख कर्ज घेतले, तर हाच भार कितीतरी हलका होतो आणि दोन-तीन वर्षांत संपतो.

मात्र जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर जास्त असतो आणि इथेच एक फसवणूक चालते. एजंट सांगतो, 'फक्त नऊ टक्के फ्लॅट.' तीन लाखांवर पाच वर्षे नऊ टक्के फ्लॅट म्हणजे १,३५,००० रुपये व्याज आणि ७,२५० रुपये हप्ता. दर महिन्याला मुद्दल कमी होत असते, तरी व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवर लावलेले असते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हा दर साडेपंधरा टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून एकच प्रश्न विचारा : 'रिड्युसिंग दर किती?' आणि उत्तर लेखी घ्या. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाचे अनुयायी व्याज न मोजता सही करतात, हे शोभत नाही.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा मालक त्याआधीची नवी किंमत सांगून भाव लावत असेल, तर आजची नवी किंमत त्याच्यासमोर ठेवा.

तीन लाख हातात असतील तर तीन लाखांची गाडी बघू नका. अडीच लाखांची बघा. उरलेले पन्नास हजार विमा, नावावर करण्याचा खर्च, टायर, बॅटरी, क्लच आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी राखून ठेवा.

मॅन्युअल का?

मॅन्युअल गाडी स्वस्त मिळते. क्लचप्लेट बदलायचे काम नाक्यावरचा मेकॅनिकही करतो. जुन्या ऑटोमॅटिकचा गिअर बिघडला तर दुरुस्तीचा आकडा घाम फोडतो. शिवाय मॅन्युअलवर हात बसलेला माणूस पुढे कुठलीही गाडी चालवू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतले प्रवासी वा मालवाहू वाहन चालवता येते. बेकार तरुणासाठी ही रोजीरोटीची वाट आहे. मात्र पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने फिरवू नका. ते बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

मॉडेलआधी साल बघा

सगळे विचारतात, 'कोणती गाडी?' आधी 'कोणत्या सालची?' हे विचारा. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आली. २०२२ पासून शेजारच्या सीटचीही. म्हणजे २०१७ ची चकचकीत टॉप मॉडेल आणि २०२२ ची साधी बेस मॉडेल एकाच भावात मिळत असतील, तर बहुतेक कुटुंबांनी दुसरी घ्यावी. अलॉय व्हील अपघातात कुणाला वाचवत नाहीत.

मॉडेलचे म्हणाल तर अल्टो, वॅगन आर, सेलेरिओ यांचे पार्ट सगळीकडे मिळतात, मायलेज चांगले असते आणि पुन्हा विकायला सोप्या असतात. पण ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी वॅगन आरला एक आणि अल्टो के१० ला दोन तारे मिळाले. टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते. ग्रँड आय१० आणि सँट्रो शहरात चालवायला सोप्या. फोर्डने २०२१ मध्ये भारतातल्या विक्रीसाठी गाड्या बनवणे थांबवले आणि डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. त्या स्वस्त दिसतील, पण पार्टची खात्री आपल्या मेकॅनिककडून करूनच पुढे जा.

सीएनजी घेणार असाल तर कंपनी फिटेड बघा. बाहेरून किट बसवले असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचे प्रमाणपत्र मागा.

आपल्या भागातला धोका : पुरातली गाडी

हे दुसऱ्या शहरातल्याला सुचणार नाही, आपल्याला सुचले पाहिजे. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. अशा पुरात इमारतींखाली उभ्या गाड्याही बुडतात. पाणी ओसरते, गाडी धुऊन पुसून बाजारात येते. कधी दुसऱ्या जिल्ह्यात जाते, कधी दुसऱ्या जिल्ह्यातली इथे येते.

ओळखायचे कसे? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग असेल तर दिसतो. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज बघा. पायाखालची चटई उचला. डिकीत स्टेपनीखालचा खड्डा तपासा. हेडलाइटच्या आत धुके आहे का, काच बंद केल्यावर कुबट वास येतो का, बघा. अत्तराचा वास जास्तच असेल तर संशय घ्या. पॉवर विंडो, वायपर, हॉर्न, सगळी बटणे एकेक दाबून पाहा. पाणी गेलेल्या वायरिंगचा त्रास वर्षभराने सुरू होतो, तोवर विकणारा फोन उचलत नाही.

दिवसाउजेडी, थंड इंजिनवर

गाडी सकाळी बघायला जा आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असे सांगा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही, तर इंजिनात कूलंट जात असण्याची शक्यता. ऑइलचे झाकण उघडा, आत दुधाळ साय दिसली तर परत फिरा. क्लच अगदी वर आल्यावरच गाडी हलत असेल तर क्लचप्लेट संपत आली आहे, तेवढे पैसे कमी करा. दुसरा-तिसरा गिअर टाकताना करकर आवाज येतो का, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढते का, बघा. टायरवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर ३० हजार किलोमीटर दाखवत असेल आणि पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर मीटर मागे फिरवलेले आहे असे धरा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद मागा. विकणाऱ्याचा नव्हे, आपला मेकॅनिक न्या आणि त्याला त्याची मजुरी द्या. चहावर काम करून घेऊ नका. श्रमाचा मोबदला हाही आपलाच विचार आहे.

कागद हीच ताकद

आमच्याकडे मदतीला येणाऱ्या प्रकरणांत इंजिनापेक्षा कागदांची भानगड जास्त असते. गाडी घेतली, पैसे दिले, नावावर केलीच नाही. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर तिथली एनओसी, मग आपल्या कल्याणच्या एमएच-०५ कार्यालयात काम. चलन थकलेले आहे का, गाडी आधी पिवळ्या प्लेटची होती का, किती मालक झाले, हे पैसे देण्याआधी ऑनलाइन तपासा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा. विमाही आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

गाडी विकणाऱ्यांसाठीही हे लागू आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून चार वर्षे झाली तरी आरसीवर तुमचेच नाव असेल, तर नोटीस तुमच्याच दारात येईल.

चावी कुणाच्या हातात?

शेवटचा मुद्दा कुणी काढत नाही म्हणून आम्ही काढतो. बचत गटाचे पैसे बाईचे, मोडलेले मंगळसूत्र बाईचे, आणि आरसीवर नाव नवऱ्याचे. घरात गाडी येते, पण ती चालवायला शिकतो फक्त मुलगा. ज्या बाबासाहेबांनी स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यांचा फोटो डॅशबोर्डवर लावून चावी फक्त पुरुषाच्या खिशात ठेवायची, हे चालणार नाही. गाडी घरातल्या बाईच्या नावावर घ्या. ड्रायव्हिंग स्कूलची फी दोघांची भरा. रात्री दीड वाजता नवरा कामावर असेल, तेव्हा गाडी कुणीतरी चालवायला हवी ना?

मसूरच्या स्टेशनवर दुप्पट भाडे देऊनही आपल्या माणसाशेजारी कुणी बसले नाही. आज आपण आपल्या घामाच्या पैशांनी गाडी घेऊ शकतो, तिच्या काचेवर 'जय भीम' लिहू शकतो. ती गाडी पाच वर्षे जुनी असली तरी तिचे ब्रेक नीट लागू देत, तिचे कागद आपल्या नावावर असू देत आणि तिच्यावर सावकाराचे ओझे नसू दे. एवढे झाले की मान आपोआप येतो.

जय भीम!