फोटोचे तुकडे कोणासाठी?

(द्वितीय वर्ष कला)

एक चांगला धडधाकट फोटो घ्यायचा, बर्फीच्या वड्या पाडाव्यात तसे त्याचे नऊ सारखे तुकडे पाडायचे आणि ते एकामागून एक लोकांपुढे ठेवायचे, हा उद्योग सध्या आपल्यापैकी अनेकजण मोठ्या हौसेने करीत आहेत. या विषयावर वार्षिकांकात लिहिण्यासारखे काय आहे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु गेले वर्षभर मी कॉलेज सुटल्यावर एका झेरॉक्स व फोटोच्या दुकानात काम करते, आणि आठवड्यातून निदान चार गिऱ्हाइके ‘वड्या पाडून द्या’ म्हणून माझ्यापुढे फोन धरतात. तेव्हा या बाबतीत थोडे बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

ज्या प्राध्यापकांचे इन्स्टाग्रामवर खाते नाही त्यांच्यासाठी आधी हा प्रकार सांगायला हवा. तिथे प्रत्येकाचे स्वतःचे एक पान असते आणि त्याने टाकलेले फोटो त्या पानावर तीन-तीनच्या ओळीत, फरशा बसवल्याप्रमाणे लागत जातात. २०१० साली हे सुरू झाले तेव्हा फोटो चौरसच असावा लागे. २०१५ पासून उभे-आडवे फोटो टाकता येऊ लागले, तरी पानावरच्या फरशा चौरसच राहिल्या. (चौरस फोटो म्हणजे काही अमेरिकेने लावलेला नवा शोध नव्हे. आमच्या मालकांच्या कपाटावर त्यांच्या वडिलांचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा आहे. त्यात १२० चा रोल घातला की बारा चौरस फोटो निघत.) आता कोणाच्या तरी लक्षात आले की, एकच मोठा फोटो नऊ ठिकाणी कापून त्या फरशांत बसवला, तर पान उघडणाऱ्याला तो भिंतीवर रंगवलेल्या चित्रासारखा दिसतो. झाले! तेव्हापासून कोणी तीन, कोणी सहा, कोणी नऊ तुकडे करू लागले.

या हौसेकडे आमचे काही सर ‘आत्मप्रदर्शन’ म्हणून बोट दाखवतात. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरी दिवाणखाना आहे त्यांची भिंतीची हौस आधीच फिटलेली असते. आमच्या घराला तीन बाजूंनी पत्रा आणि एका बाजूने विटांची भिंत आहे. त्या एका भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, एक कॅलेंडर आणि आईवडिलांनी जत्रेत काढून घेतलेला फोटो एवढे मावते. पत्र्याला खिळा ठोकावा तर पावसाळ्यात तिथूनच गळते. अशा घरातून कॉलेजात आलेल्या मुलीला किंवा मुलाला आपल्या मनाने सजवता येईल अशी एक भिंत, मग ती काचेच्या आत का होईना, मिळाली तर तो ती सजवणारच. त्यात हसण्यासारखे काही नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. भिंत सजवताना आपण काय कापतो आणि ते तुकडे कोणाच्या अंगावर टाकतो, याचा विचार होत नाही, एवढेच माझे म्हणणे.

वड्या पाडणे सोपे आहे, लावणे अवघड. पानावर सर्वांत नवा फोटो वर डावीकडे बसतो आणि जुने पुढे सरकतात. म्हणून नऊ तुकड्यांतला खालचा उजवा तुकडा सर्वांत आधी टाकायचा, मग उजवीकडून डावीकडे येत खालची ओळ, मग मधली, आणि वरचा डावा तुकडा अगदी शेवटी. गिऱ्हाइकांना घोटाळा नको म्हणून मी तुकड्यांना उलटे क्रमांक घालून देते. हे सर्व पार पडल्यावरही सुख नाहीच. एस.टी.च्या तिघांच्या बाकावर चौथा आला की जसे सगळ्यांना सरकावे लागते, तसे नंतर एकच नवा फोटो टाकला की अख्खे चित्र एका घराने सरकते. उजवा कान खालच्या ओळीत डाव्या बाजूला जातो. त्यामुळे एकदा वड्या पाडलेल्याने पुढे आयुष्यभर तीन-तीनच फोटो टाकावेत, अशी ती शिक्षा आहे. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने मामाच्या गावचा एक सुंदर फोटो केवळ सोबतीला आणखी दोन मिळेनात म्हणून दोन महिने फोनमध्ये ठेवून दिला होता.

पण खरी तक्रार दुसऱ्यांच्या बाजूने आहे. आपले पान मुद्दाम उघडून पाहणारे किती? बाकीच्यांना आपले फोटो त्यांच्या फोनवर येतात तसे एकेक दिसतात. माझ्या मामेबहिणीने लग्नाच्या फोटोच्या अशाच नऊ वड्या पाडल्या. तिच्या पानावर ते चित्र फार देखणे दिसले, हे मी नाकारत नाही. परंतु मला काय दिसले? पहिल्या दिवशी शालूचा काठ आणि गालिचा, दुसऱ्या दिवशी चार पावले, मग मांडवाच्या झालरीचा एक कोपरा. तिचा चेहरा यायला सहावा तुकडा उजाडला, आणि तोही हनुवटीपर्यंतच. रांगोळी घरमालकिणीला दिसावी आणि शेजाऱ्यांना रंगाचे रिकामे डबे दिसावेत, असा हा न्याय झाला. ज्यांना एखादे लांबलचक दृश्य तुकड्यांतूनच दाखवायचे आहे त्यांच्यासाठी दुसरी सोय आहेच. २०१७ पासून एकाच वेळी दहा फोटो एका माळेत टाकता येतात, २०२४ मध्ये ती संख्या वीस झाली. माळेतले तुकडे बोटाने सरकवत पाहणाऱ्याला नदीचा घाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसतो आणि कोणाच्या वाट्याला नुसती एक पायरी येत नाही. दुकानात मी हे प्रत्येकाला सांगते. ऐकतात थोडे.

शिवाय ही भिंत आपली नाही, भाड्याची आहे, हे २०२५ च्या जानेवारीत चांगलेच कळले. त्या महिन्यात इन्स्टाग्रामने पानावरच्या चौरस फरशा काढून उभ्या फरशा बसवल्या. तीनास चार असे त्यांचे माप. जुना चौरस तुकडा उभ्या चौकटीत बसवायचा तर त्याची रुंदी पाऊण उरते. म्हणजे १०८० ठिपके रुंदीच्या तुकड्यातले २७० गेले, दोन्ही बाजूंनी १३५-१३५. एकट्या फोटोचे फारसे बिघडत नाही, कारण त्याच्या कडेला बहुधा आकाशच असते. वड्यांची मात्र कडाच महत्त्वाची, कारण सांधा तिथे असतो. ज्यांनी चौरस मापाने कापले होते त्यांच्या चित्रांत प्रत्येक सांध्यापाशी एक उभी पट्टी नाहीशी झाली. कपाळाला कपाळ लागेना, नावातली अक्षरे गळाली. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या दुकानात आलेली मंडळी पाहून घरात पाणी शिरल्यावर लोक येतात तसे वाटत होते. पुढे तीनास चार मापाचे फोटो जसेच्या तसे टाकण्याची सोय झाली आणि आता नऊ वड्यांसाठी आम्ही ३२४० बाय ४३२० चा फोटो धरतो. हे मापही उद्या बदलणार नाही असे कोण सांगणार? भाडेकरूने भिंतीत किती खोल खिळा ठोकावा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

चौकटी आखण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्या सर्वांना ठाऊक असेल की लहान चित्र मोठे करायचे तर त्यावर चौकटी आखतात, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखतात आणि घरागणिक चित्र उतरवतात. सिनेमाची मोठमोठी बॅनरे हाताने रंगवली जात तेव्हाही हीच युक्ती असे. मकबूल फिदा हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत असली बॅनरे रंगवली आहेत. पण त्या कामात चौकट रंगाखाली बुजून जाई. नायिकेच्या नाकावरून गेलेली रेघ प्रेक्षकाला कधी दिसली नाही. आमच्या वड्यांत रेघच कायम राहते. दुसरे उदाहरण डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराचे. त्याने १९८६ साली कॅलिफोर्नियातील एका रस्त्याचे चित्र सातशेहून अधिक निरनिराळे फोटो एकत्र चिकटवून तयार केले. त्याने तुकडे वापरले, परंतु कापून काढले नाहीत. पाटीजवळ जाऊन पाटीचा वेगळा, जमिनीवर पडलेल्या डब्याचा वेगळा असा प्रत्येक तुकडा त्याने स्वतंत्रपणे पाहून टिपला. म्हणजे शेकडो वेळा पाहिले आणि एक चित्र केले. आपण एकदा पाहतो आणि नऊ करतो.

इतके सारे असूनही एखाद्याने किल्ल्याच्या, शेताच्या, मोटारसायकलीच्या कितीही वड्या पाडल्या तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती ग्रुप फोटो कापायला.

ग्रुप फोटोत माणसे उभी कशी राहतात ते आठवून पाहा. मध्ये खुर्चीवर घरातले कर्ते पुरुष किंवा पाहुणे, त्यांच्या बाजूला मानाप्रमाणे इतर, मागे उभी असलेली मंडळी, आणि स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत शेवटी आलेल्या बायका जिथे फट सापडेल तिथे. आता याच्या नऊ वड्या पाडा. उभ्या रेघा एकतृतीयांशावर आणि दोनतृतीयांशावर येणार. मधल्या खुर्चीवरच्या माणसाला त्या कधीही लागत नाहीत. लागतात त्या फटीत उभ्या राहिलेल्यांना. आडवी वरची रेघ मागच्या रांगेच्या गळ्यावरून जाते.

दिवाळीनंतर एक गृहस्थ त्यांच्या वास्तुशांतीचा फोटो घेऊन आले. एकोणीस माणसे होती. मी रेघा टाकून दाखवल्या तर डावी रेघ त्यांच्या धाकट्या भावजयीच्या डोळ्यांमधून जात होती. फोटो थोडा उजवीकडे सरकवला, तर एक म्हातारी आत्या अर्धी झाली. आणखी सरकवला, तर भावजय वाचली, आत्याही वाचली, पण कडेला लहान मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली बाई फोटोबाहेर गेली. ‘ती कोण?’ म्हणून मी विचारले. ‘ती आमच्याकडे कामाला असते, जाऊ दे,’ असे ते म्हणाले. माझी आई चार घरची भांडी घासते. त्या बाईला जाऊ देणे मला जमण्यासारखे नव्हते. मी त्यांना सरळ सांगितले की हा फोटो अख्खाच ठेवा, चांगला आला आहे. वड्या हव्या असतील तर नुसत्या घराच्या पाडून देते. त्यांनी थोडा विचार केला आणि घराचाच फोटो काढून आणला. ग्रुप फोटो त्यांनी एकसंध टाकला. मालकांचे साठ रुपये काही बुडाले नाहीत.

आता कोणी म्हणेल, कापलेले तुकडे पुन्हा जोडूनच दिसतात, मग एवढे काय? जोडून दिसतात ते पान उघडणाऱ्याला. ज्याच्या फोनवर नुसता चौथा तुकडा जातो त्याला एक डोळा, एक बांगडी आणि खुर्चीचा हात दिसतो. फोटो काढताना ‘जरा सरका, जरा आत या’ म्हणून फोटोग्राफर ओरडत असतो, ते सगळे मावावेत म्हणूनच ना?

या बाबतीत आपल्या वार्षिकांकाची जुनी रीत मला फार आवडते. ग्रंथालयात मागील अंकांचे गठ्ठे आहेत, ते रिकाम्या तासाला मी पाहत असते. प्रत्येक ग्रुप फोटोखाली ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ अशी नावे छापलेली असतात. त्यात प्राचार्य असतात, विभागप्रमुख असतात, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी शिपाईमामांचेही नाव असते. छपाई इतकी काळपट की चेहरे ओळखू येत नाहीत, परंतु माणूस एकही गाळलेला नाही. माझ्या घरात हा अंक वाचणारे कोणी नसले तरी माझे नाव कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येईल, आणि यंदा मी ते दाखवणारही आहे.

म्हणून विद्यार्थी प्रतिनिधींना एक सूचना करते. यंदाच्या स्नेहसंमेलनाचा सर्वांचा फोटो कॉलेजच्या पानावर नऊ वड्या पाडून टाकायचा, असा बेत चालल्याचे कानावर आले आहे. त्याऐवजी तो एकसंध टाकावा आणि खाली वार्षिकांकातल्याप्रमाणे डावीकडून सगळी नावे लिहावीत. वड्याच हव्या असतील तर आपल्या इमारतीच्या दर्शनी बाजूचा फोटो घ्यावा. तिला खिडक्यांच्या तीन रांगा आहेत, मापात बरोबर बसेल. सकाळी आठच्या सुमारास ऊन समोरून येते, तेव्हा काढलेला बरा. तुकडे मी पाडून, उलटे क्रमांक घालून देईन. मालकांना विचारले आहे, पैसे पडणार नाहीत.