पाय कोणाचा, ब्रेक कोणाचा?

मागच्या मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक बाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. गावातल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय अठ्ठावन्न. हात थरथरत होते, कपाळावर घाम होता, बोलताना जीभ जड येत होती. सोबत मोटार शिकवणारा तरुण होता. तो म्हणाला, "डॉक्टर, बाई फार घाबरतात हो. आज नववा दिवस, तरी भीती जात नाही. एखादी गोळी द्या." बाईंनीही अपराध्यासारखी मान डोलावली.

बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहिली, ती ५४ निघाली. बाईंना मधुमेह आहे. क्लास सकाळी साडेसहाचा. पहाटे उठून त्यांनी साखरेची नेहमीची गोळी घेतली, नाश्ता 'आल्यावर करू' म्हणून ठेवून दिला आणि बिनसाखरेच्या चहावर थेट स्टेअरिंगमागे जाऊन बसल्या. चार चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा-वीस मिनिटांत बाई माणसात आल्या. मग दोन पोळ्या खायला लावून घरी पाठवले. त्या भित्र्या नव्हत्या, उपाशी होत्या. आधीच्या आठ दिवसांतले किती दिवस अशाच उपाशी गेले कोण जाणे!

आरोग्याच्या सदरात मोटार शिकण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, हा सरकारी आकडा आहे. साथीच्या रोगाने इतके बळी घेतले असते तर आम्ही डॉक्टरांनी गावोगाव लसीचे कॅम्प लावले असते. अपघातावर लस नाही. जी काही थोडीफार आहे, ती मोटार शिकवणाऱ्या शाळेत टोचली जाते. ती नीट टोचली जाते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

या शाळेकडून काय अपेक्षा ठेवायची, हे बहुतेकांना ठाऊक नसते. आपण विचारतो दोनच गोष्टी, 'फी किती?' आणि 'लायसन्स काढून देणार ना?' कायद्याने मात्र बरेच काही ठरवून दिले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी गाडी शिकणाऱ्याचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे हवे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १० तास हवे. आता हिशेब करा. पंधरा दिवस रोज अर्धा तास म्हणजे झाले साडेसात तास. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या विद्यार्थ्याला घरून घेणे आले, तिसऱ्याला सोडणे आले, पेट्रोल पंपावरची रांग आली. चार-पाच तास पदरात पडले तरी नशीब म्हणायचे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जे नवे नियम लागू झाले, त्यांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, पैकी २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. किती सराव लागतो याचा अंदाज त्यावरून यावा.

पण तासांपेक्षा मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असावेत असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. ही सोय संकटासाठी आहे. प्रत्यक्षात शिक्षकाचा पाय तिथून हलतच नाही. शिकणाऱ्याला वाटते, वा, गाडी किती छान थांबली! थांबवलेली असते दुसऱ्यानेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी मोटार शिकलो ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याआधी आयुष्य स्कूटरवर गेले. माझ्या शिक्षकाचे पहिल्याच दिवशीचे वाक्य अजून आठवते, "साहेब, तुम्ही फक्त स्टेअरिंग सांभाळा, बाकी मी बघतो." आणि त्याने खरोखर सगळे बघितले. पंधरा दिवस मी बाजारपेठेतून ऐटीत गाडी फिरवली. महिन्याभराने लायसन्स हातात आले. पहिल्यांदा एकटा निघालो तो बसस्टँडच्या चढावर अडकलो. पुढे एस.टी. उभी, मागे पेरूवाल्याची हातगाडी. एस.टी. हलली, मी क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि मागे घरंगळू लागली. माझा पाय ब्रेक शोधत होता. तो कुठे आहे हे डोक्याला माहीत होते, पायाला माहीत नव्हते. पेरूवाला चपळ म्हणून वाचला. हातगाडीचे एक चाक मोडले आणि पेरू रस्ताभर झाले. भरपाई दिली, तो भला माणूस 'असू द्या डॉक्टर' म्हणाला, पण त्याच्या जागी एखादी म्हातारी असती तर, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही.

डोक्याचे ज्ञान पायात उतरायला वेळ लागतो. सुरुवातीला प्रत्येक हालचाल मेंदूला विचारून होते आणि म्हणूनच नवशिका गाडीच्या नाकापुढचा रस्ता पाहत राहतो, लांब बघायला त्याच्याकडे फुरसतच नसते. पुनःपुन्हा केल्यावर हालचाल अंगवळणी पडते आणि नजर मोकळी होते. यासाठी रोज थोडा सराव आणि रात्रीची पुरी झोप हा उत्तम उपाय, आठवड्याचे तास एका रविवारी उरकून घेणे हा वाईट. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. ब्रेक शोधण्यात पायाने एक सेकंद घालवला तर तेवढ्या अंतरात शाळेतून सुटलेली अख्खी रांग मावते.

तेव्हा आठवडाभर झाल्यावर शिक्षकाला स्पष्ट विचारा, "आता तुमचा पाय कुठे आहे?" रिकाम्या मैदानात, कमी वेगात त्याने पाय मागे घेतलाच पाहिजे. चढावर थांबून पुन्हा निघणे दहा-वीस वेळा करून मागा. संध्याकाळचा एखादा तासही मागा. आपल्याकडे सगळे क्लास सकाळचे, त्यामुळे समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांत गेला म्हणजे काय होते हे लायसन्स मिळाल्यावरच कळते. मोतीबिंदू सुरू झालेल्यांना तर हा झोत फार फाकतो. त्यांनी आधी डोळे दाखवावेत, मग क्लास लावावा.

शिक्षकांना मी फार दोष देत नाही. तुटपुंज्या पगारावर उन्हात दिवसभर त्या तापलेल्या गाडीत बसायचे, गाडीला ओरखडा आला तर मालकाची बोलणी खायची. पाय ब्रेकवर राहणारच. फीमध्ये घासाघीस करणारे आपणही त्यात भागीदार आहोत.

शरीराबद्दल दोन-चार गोष्टी सांगतो, कारण त्या क्लासमध्ये कोणी सांगत नाही. सीट पुढे-मागे करून घेतल्याशिवाय गाडी सुरू करू नका. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. उंची कमी असणाऱ्या बायका टोकाला सरकून बसतात आणि आठ दिवसांत कंबर धरून माझ्याकडे येतात. पाठीशी घट्ट उशी घ्यावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सुटी चप्पल घालून जाऊ नका, ती पेडलखाली अडकते. सर्दीच्या, खाजेच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेतली असेल त्या दिवशी सुट्टी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाल्ल्याशिवाय गाडीत बसू नये आणि खिशात साखर ठेवावी. मान वळत नसेल तर ते आधीच सांगा, आरसे त्याप्रमाणे लावता येतात. भीतीने छाती धडधडली, हात घट्ट आवळले गेले तर त्याची लाज नको. गाडी कडेला घेऊन चार-पाच वेळा सावकाश श्वास सोडा. पण जेवल्यावरही थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ती भीतीच असेल असे घरबसल्या ठरवू नका.

आता थोडे आमच्या धंद्याविषयी. चाळिशी उलटलेल्यांना लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १-अ. दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, हेही त्यात विचारले आहे. हा दाखला माणूस समोर न बघता लिहिला जातो, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. निदान स्वतःची परीक्षा स्वतः घ्या. उभ्या गाडीपासून तेहतीस-चौतीस पावले मोजा, मागे वळा, एकेक डोळा झाकून नंबर वाचा. वाचता आला नाही तर मोटारीच्या आधी चष्मा.

शेवटची गोष्ट बहुतेकांना नवी वाटेल. शाळांसाठी ठरवलेल्या अभ्यासक्रमात प्रथमोपचाराचा एक पूर्ण भाग आहे. जखमा, रक्तस्राव, मोडलेले हाड, बेशुद्धी, भाजणे हे सारे त्यात येते. गेल्या काही वर्षांत मी लायसन्स काढलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला विचारले, कोणालाही हा तास मिळालेला नाही. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे, मानेला मार वाटत असेल तर माणसाला खेचून रिक्षात कोंबायचे नाही, १०८ ला फोन लावायचा, एवढे शिकायला अर्धा तास पुरतो. मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीतीही सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला चालत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

आपल्या तालुक्यातल्या ज्या मोटार शाळांना हा प्रथमोपचाराचा तास घ्यायचा असेल, त्यांनी दवाखान्यात निरोप ठेवावा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. पैसे नकोत, पट्ट्या आणि कापूस मात्र शाळेने आणावा. शिक्षिकाबाईंनी आपले नाव पहिल्या तुकडीत घातलेच आहे. क्लासची वेळ त्यांनी आता साडेआठची करून घेतली आहे, नाश्त्यानंतरची.