कुलूप आहे, पण किल्ली कुणाकडे?

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्याच छपरावरचा आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या गावात खांब आडवे झाले, कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हाच बाबांच्या डोक्यात सोलर घुसलं. आता पॅनल बसलंय, मोबाईलवर युनिट दिसतात, बाबा खूश!

सुट्टीत मी सहज पासवर्ड विचारला. १२३४५६. शेजारच्या काकांना विचारून त्यांचंही ॲप उघडलं, तर तोच पासवर्ड! बसवणाऱ्याने सगळ्यांना एकच देऊन टाकलेला. काका हसले, "अरे, माझे तीन किलोवॅट बंद करून कुणाला काय मिळणार?"

काकांचं एकट्याचं खरंच काही नाही. पण अशी हजारो घरं एकाच क्षणी बंद केली तर? ग्रिडमध्ये वीज जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. तोल गेला की ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ढासळते आणि एकामागून एक लाईन ट्रिप होतात.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताची शक्यता आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. वाद तिथेच राहिला. पण पोलंडमध्ये वाद नाही. २९ डिसेंबर २०२५ ला तिथल्या तीसहून जास्त पवन आणि सौर केंद्रांवर हल्ला झाला. वीज चालू राहिली, पण केंद्रांशी संपर्क तुटला. कारण काय, तर कित्येक उपकरणांवर कंपनीचेच मूळ पासवर्ड!

काही जण म्हणतात, चिनी इन्व्हर्टर बंद करा, प्रश्न मिटला. मला नाही पटत. २०२५ मध्ये संशोधकांनी तीन मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांत ४६ त्रुटी दाखवल्या, त्यात एक कंपनी जर्मन होती. देश बदलून पासवर्ड बदलत नाही.

म्हणून एकच मागणं. इलेक्ट्रिकलवाले आणि कॉम्प्युटरवाले मेसमध्ये एकमेकांची टिंगल करतात, ते या वर्षी एकत्र येऊ देत. सरांची परवानगी घेऊन आधी हॉस्टेलचं, मग गावातलं एकेक इन्व्हर्टर तपासू. पासवर्ड बदलायचा, फर्मवेअर अपडेट करायचं, बसवणाऱ्याचं जुनं लॉगिन काढायचं. अर्धा तास लागतो, मी घरी करून पाहिलंय.

दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. मग छपरावर काय चाललंय?